रानाची हजेरी

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पहाट कधी वेळ चुकवत नाही. जानेवारी असो की जुलै, सिंगापूरमधल्या आमच्या चोआ चू कांग वस्तीतल्या उंच इमारतींवर सातच्या सुमारासच उजेड उतरतो. पण त्याच्या कितीतरी आधी, काळोख नुसता पातळ होऊ लागलेला असताना, इमारतींच्या तळातल्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, दिवे अजून जळत असताना, कोकिळाची ती पायरी पायरीने चढत जाणारी हाक खिडकीतून आत येते आणि झोपेच्या शेवटच्या तुकड्यावर ओणवते. मग दयाळ बोलतो. मग साळुंक्यांचा कल्ला, हळद्याची ओली, गोलसर शीळ, रेन ट्रीच्या फांद्यांतून ठिबकत येणारा बुलबुलांचा संवाद. आणि पूर्वेला, बुकित पांजांगच्या पलीकडे, जिथे या बेटावरचं जुनं रान अजून शिल्लक आहे तिथे चालत गेलं, तर भृंगराज भेटतो. शेपटीच्या टोकाला दोन काळी पिसं लोंबवत, दहा पक्ष्यांचे आवाज एकट्याच्या गळ्यातून काढत तो झाडांच्या सावलीतून सावलीत जातो. रोज हे आवाज. वर्षानुवर्षं हेच आवाज.

पण पक्षी तेच का?

हा प्रश्न मनात आला की एरवी ओळखीची वाटणारी पहाट अनोळखी होते. पक्ष्याच्या चेहऱ्यावर वय उमटत नाही. त्याचे केस पिकत नाहीत, पाठ वाकत नाही. जुनी पिसं झडतात, नवी येतात, आणि चार पावसाळे पाहिलेला शामा कालपरवा वयात आलेल्या शाम्याइतकाच तुकतुकीत दिसतो. गाणं तर जातीचं असतं; गाणारा कधी निघून गेला आणि त्याच फांदीवर दुसरा कधी येऊन बसला, हे गाण्यावरून आपल्यासारख्याला कळत नाही. आपण गाण्यालाच गाणारा समजतो आणि निर्धास्त होतो. त्या निर्धास्तपणाखाली किती मृत्यू वाहून जात असतील, कुणी पाहिलं आहे?

माझं माहेर सिंधुदुर्गातलं. आंबोलीच्या बाजूच्या रानात शामा मी लहानपणी ऐकला होता, आषाढ यायच्या आधीच्या त्या गुदमरलेल्या दुपारी, जेव्हा पानही हलत नाही आणि कुठूनतरी एकच लांब, पाझरणारी लकेर येऊन सगळ्या रानाला ओलावा देते. इथे येऊन पुष्कळ वर्षं झाल्यावर, राखीव रानाच्या काठावर, तीच लकेर कानी पडली. तोच शामा, तीच जात, सह्याद्रीपासून थेट या बेटापर्यंत पसरलेली, भृंगराजही तसाच. मधला सगळा समुद्र, सगळी वर्षं, निरोपाच्या सगळ्या पहाटा त्या एका सुरात विरघळल्या. मी तिथेच थांबले. आणि मग वाटलं, मी ऐकलेला तो आंबोलीचा शामा आता कुठे असेल? त्याच्या वाट्याला किती उन्हाळे आले असतील?

याचं उत्तर काढायचा प्रयत्न करणारी माणसं आहेत. उष्ण कटिबंधातल्या घनदाट रानात, जिथे पक्षी ऐकू शंभर येतात आणि दिसतात दोन, तिथे ही माणसं विचारतात, की यंदा जगलेल्या शंभरांपैकी पुढच्या वर्षी किती उरतात? प्रश्न एका ओळीचा. उत्तराला आयुष्य लागतं.

एकदा या माणसांची पहाट मला जवळून पाहता आली. उजाडायच्या आधीच दोन बांबूंच्या मध्ये काळी जाळी ताणली होती. बारा मीटर लांब, आणि धागा इतका बारीक की चार पावलांवरून जाळी नाहीशी होते. तिला मिस्ट नेट म्हणतात. दर वीसेक मिनिटांनी कुणीतरी हलक्या पावलांनी जाऊन ती पाहून यायचं. अशाच एका फेरीत एक छोटी कापडी पिशवी आली, आणि त्या पिशवीत काहीतरी हलत होतं. पिशवीतून निघाला सातभाईंच्या कुळातला एक इवलासा पक्षी, झुडपांच्या गचपणात टोक-टोक-टोक करत दडून राहणारा. पिवळसर छातीवर तपकिरी रेघा, डोक्यावर तांबूस टोपी, आणि फिकट पिवळा डोळा. तो डोळा थेट माझ्याकडे पाहत होता. अभ्यासकाच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात त्याची मान अलगद टेकलेली, तळव्यात सगळा देह, वजन दहा-पंधरा ग्रॅमचं. त्या देहात काळीज इतक्या वेगाने चाललं होतं की ते ठोके नव्हतेच, एक अखंड थरथर होती. काडीएवढ्या पायाभोवती धातूचं कडं आलं, पक्कडीने मिटलं, सैल आहे ना ते पाहून झालं. त्यावरचा क्रमांक एकाने वाचला, दुसऱ्याने पुन्हा उच्चारून लिहिला. पट्टीवर पंख मोजला. मग अभ्यासकाने त्याच्या पोटावर हळूच फुंकर मारली. पिसं दुभंगली आणि आतली उघडी, गुलाबी त्वचा दिसली, अंडी उबवताना जिथून ऊब देतात ती जागा. कुठल्यातरी पानांच्या गोळ्यात तिची दोन अंडी वाट पाहत होती.

तळवा उघडला. क्षणभर ती तशीच राहिली, सुटका झाली आहे यावर विश्वास नसल्यासारखी. आणि मग तळव्यावर काहीच नव्हतं.

वहीत मात्र एक आकडा उरला. १.

त्या वहीचं पान मी नंतर पाहिलं, आणि तिथे मला माझे आजोबा भेटले. आजोबा गावच्या शाळेत गुरुजी होते. त्यांचा हजेरीपट मी पाहिला आहे. डावीकडे नावं, वर तारखा, आणि चौकटीचौकटीत हजर-गैरहजरच्या खुणा. इथेही डावीकडे कड्यांचे क्रमांक, वर वर्षं, आणि पकडला गेला त्या वर्षी १, नाही त्या वर्षी ०. एका ओळीत होतं १, ०, ०, १. दुसरीत १, १, ०, ०, ०. तिसरीत एकदाच १, आणि पुढे पान संपेपर्यंत शून्यं.

पहिल्या ओळीतली शून्यं आपल्याला समजतात. दोन एकांच्या मधली ती शून्यं म्हणजे पक्षी जिवंतच होता, रानातच होता, फक्त जाळीत आला नाही. लावणीच्या दिवसांत आजोबांच्या वर्गातली निम्मी मुलं अशीच नाहीशी व्हायची. घरी जाऊन विचारलं की आई सांगायची, "पोरगो तरवो काढूक गेलो हा, गुरुजी. गणपती झाले काय येतलो." आणि तो यायचा. पण शेवटच्या एकानंतरची शून्यं? ती बोलत नाहीत. पक्षी मेला असेल. दूर कुठे निघून गेला असेल. किंवा इथेच, जाळीपासून दहा हातांवर, तुमच्याकडे पाठ करून एखादा नाकतोडा खात असेल. तिन्ही शक्यतांचा वहीतला चेहरा एकच असतो.

आजोबा सलग गैरहजर मुलाचं नाव लवकर कापत नसत. दुसऱ्या एखाद्याने महिन्याभरात रेघ ओढली असती. आजोबा थांबायचे, वाट वाकडी करून त्याच्या वाडीवरून घरी यायचे, आणि खरं काय ते कळेपर्यंत चौकट मोकळी ठेवायचे. त्या मोकळ्या चौकटीत केवढी माया होती, हे मला इतक्या वर्षांनी, एका परक्या बेटावर, पक्ष्यांच्या वहीपुढे बसून कळलं.

गणितानेही अखेर तीच माया शिकून घेतली आहे, असं मला वाटतं. १९६४ साली कॉर्मॅक यांनी आणि १९६५ साली जॉली आणि सेबर यांनी, स्वतंत्रपणे, एक रीत मांडली. आज ती तिघांच्या नावाने ओळखली जाते. तिचं मर्म एवढंच, की जगणं आणि दिसणं या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. पक्षी वर्षभर तगण्याची शक्यता हा एक आकडा, आणि तगलेला पक्षी जाळीत सापडण्याची शक्यता हा दुसरा. दोन एकांच्या मधली शून्यं मोजून दुसरा आकडा काढता येतो, म्हणजे आपली नजर किती अधू आहे हे आधी कबूल करता येतं. आणि ते कबूल केल्यावरच शेवटच्या शून्यांतली किती मरणाची आणि किती नुसत्या न दिसण्याची, याचा अदमास लागतो. ही कबुली दिली नाही, तर रानातले लाजाळू पक्षी सगळेच मेलेले ठरतात.

जे दिसलं नाही ते मेलं, असं म्हणण्याची आपल्याला केवढी घाई असते! माणसांच्या बाबतीतही. पत्र आलं नाही, फोन आला नाही, की आपण मनातल्या मनात रेघ ओढून मोकळे होतो.

पक्ष्याच्या पायात क्रमांकाचं कडं घालण्याची आजची रीतही एका शिक्षकानेच सुरू केली. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावचे मॉर्टेन्सन. १८९९ साली त्यांनी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत अॅल्युमिनियमची कडी घातली, त्यांवर क्रमांक आणि आपला पत्ता कोरला. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानात हे काम हाती घेतलं. पुढे १९६३ ते १९७१ या काळात एलियट मॅक्लुअर यांनी आशियाभर माणसं जोडून दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कडी घातली. त्याआधी मलायाच्या रानांत त्यांनी वर्षं घालवली होती, इथून खाडी ओलांडली की पलीकडे. त्यांच्या १९७४ च्या ग्रंथाच्या नावात स्थलांतराच्या जोडीला तगून राहणंही आहे. दहा लाख कडी. त्यांतली बहुतेक पुन्हा कधीच कुणाच्या हाती आली नाहीत. तरीही माणसं कडी घालत राहिली.

उष्ण रानातल्या पक्ष्यांचं जगणं थंड देशांतल्यांपेक्षा लांब असतं, ही समजूत जुनी आहे, आणि तिच्या पोटात एक सुंदर न्याय आहे. उत्तरेतला छोटा पक्षी पाच-सहा अंडी घालतो, हिवाळा त्या पिल्लांतली बहुतेक नेतो, तोही लवकर जातो. इथे मात्र घरट्यात बहुधा दोनच अंडी. साप आहेत, माकडं आहेत, खारी आहेत. घरटी मोडतात, पुन्हा बांधली जातात, पुन्हा मोडतात. मग जात टिकते कशावर? आईबापांच्या आयुष्यावर. त्यांना पुष्कळ वर्षं जगावं लागतं, पुन्हा पुन्हा हरावं लागतं, म्हणजे कधीतरी एक पिल्लू उडतं. इथल्या पक्ष्यांची शरीरंही संथ चालतात. विश्रांतीत ती उत्तरेतल्या नातलगांपेक्षा कमी ऊर्जा खर्चतात. पिल्लंही आईबापांना लवकर सोडत नाहीत. सगळं कसं सबुरीचं.

या समजुतीला १९९० मध्ये धक्का बसला. जेम्स कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामाच्या रानातल्या २५ जाती आणि अमेरिकेतल्या मेरीलँडच्या १० जाती तुलनेला घेतल्या, आणि वर्षभर तगण्याचं सरासरी प्रमाण निघालं ०.५६ आणि ०.५४. जवळजवळ सारखं! पुढे त्रिनिदादमधून आणि आणखी कितीतरी रानांतून आकडे आले, आणि माप पुन्हा उष्ण कटिबंधाकडे झुकलं. पण पहिल्याइतक्या ठामपणे कुणी बोलेना. आपल्या अरुणाचलात, ईगलनेस्टच्या उतारांवर, २०११ पासून अशाच जाळ्या लागतात आणि तोडलेल्या नि न तोडलेल्या रानांतल्या पक्ष्यांचं तगणं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं जातं.

आकडे कोरडे वाटतात, पण ते एकदा मनात उलगडू द्यावेत. निम्मेच तगत असतील तर शंभरांचे पुढच्या वर्षी पन्नास, मग पंचवीस, मग बारा, सहा, आणि पाचव्या वर्षी तीन. दर वर्षी ऐंशी टक्के तगत असतील तर शंभरांचे ऐंशी, चौसष्ट, एक्कावन्न, एकेचाळीस, आणि पाचव्या वर्षी तेहतीस. तीन आणि तेहतीस. एका रानात पाच वर्षांनी सकाळ जवळजवळ सगळी नव्या गळ्यांची. दुसऱ्यात दर तिसरा आवाज जुना, रस्ते जाणणारा, कुठलं झाड कधी फळतं ते लक्षात असलेला. बाहेरून दोन्ही सकाळी सारख्याच ऐकू येतील.

फरक आत असतो.

या गणिताची एक अट आहे, आणि ती अट चोआ चू कांगमध्ये राहणाऱ्याला बोचल्यावाचून राहत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी परत जाता आलं पाहिजे. जागा तिथे असली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात इथल्या ओढ्यांच्या काठाने तेओचेव चिनी शेतकऱ्यांनी मिरी आणि गँबियरचे मळे लावले. गँबियरची पानं उकळून काथासारखा रस काढायचा, तर त्या भट्ट्यांना लाकूड हवं. मळ्याइतकंच रान सरपणाला जायचं. जमीन थकली की मळा पुढे सरकायचा. निसर्ग अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ मध्ये इथून जवळच्या बुकित तिमाहला आला आणि दोनेक महिन्यांत भुंगेऱ्यांच्या सुमारे ७०० जाती गोळा करून थक्क झाला. त्याला ती संपत्ती सापडली ती लाकूडतोड्यांनी पाडलेल्या ओंडक्यांवर, सालींवर, ताज्या भुशात. रान पडत होतं आणि पडता पडता आपला खजिना उघडा करत होतं. आज या बेटावरचं पंचाण्णव टक्क्यांहून अधिक मूळ रान गेलं आहे. पक्ष्यांची १९२३ ची यादी १९९८ च्या यादीशेजारी ठेवली, तेव्हा रानातल्या ९१ जातींपैकी ६१ नाहीशा झालेल्या दिसल्या. जातच्या जात. त्या ओळींपुढची शून्यं आता कुणी एक होण्याची वाट पाहत नाही.

आणि तरी रान हट्टी असतं. आमच्या वस्तीच्या दक्षिणेला तेंगाह आहे. तिथे कधी गावं होती, विटांच्या भट्ट्या होत्या; माणसं उठली, जागा लष्कराच्या सरावाला गेली, आणि त्या शांततेत हळूहळू झाडं परतली. अल्बिझिया उंच झाले, त्यांवर गरुडांनी घरटी केली, खाली सिंपोहची पिवळी फुलं उमलली. २०१६ मध्ये तिथे सुमारे ७०० हेक्टरांवर नवं नगर वसवण्याची योजना जाहीर झाली. माणसांना घरं लागतात. मीही अशाच एका घरात राहते, माझ्याही खिडकीखाली कधीतरी रान असणार. नियोजन करणाऱ्यांनी शंभर मीटर रुंद आणि पाच किलोमीटर लांब असा वनाचा पट्टा राखायचं ठरवलं, पश्चिमेचं रान मध्यातल्या रानाला जोडणारा. त्या पट्ट्याकडे पाहताना मला पनामातला एक प्रयोग आठवतो. तिथल्या गातून तलावावर, किनाऱ्यापासून ठराविक अंतरावर, होडीतून रानपक्षी सोडले गेले. काही सरळ काठ गाठून झाडीत गेले. काही जातींना शंभर मीटरही उडता आलं नाही. पंख असून ते पाण्यावर उतरले. जन्मभर सावलीतून सावलीत फिरलेल्या जिवाला उघडं आकाश ओलांडता येत नाही.

शंभर मीटर. आपण सिग्नल सुटायच्या आत चालून जातो तेवढं अंतर.

१९८० च्या दशकात बुकित तिमाहच्या रानाला मध्यवर्ती रानापासून एका द्रुतगती मार्गाने तोडलं. २०१३ मध्ये त्या मार्गावर माती आणि झाडं घातलेला पूल बांधला गेला, ६२ मीटर लांबीचा, माणसांसाठी नव्हे, खवल्या मांजरासाठी, उदमांजरासाठी, पाचू कवड्यासाठी. खालून वाहनांची नदी अखंड वाहते, आणि वर हिरव्या पाठीचा एक कवडा पानं उलटत या रानातून त्या रानात चालत जातो. बसमधून जाताना मी मान वर करून पाहते. दिसत काहीच नाही, नुसतं हिरवं. पण या शहराने आपल्या घाईवरून कुणाच्या तरी संथ पावलांना वाट दिली आहे, हे पाहून मन भरून येतं.

जिथे आता कुणी कुऱ्हाड लावत नाही तिथलं काय? पनामात सोबेरानिआ राष्ट्रीय उद्यानाच्या आत, १९७७ पासून २०२० पर्यंत, त्याच जागी जाळ्या लागत राहिल्या. ५७ जातींचा हिशेब लागला. ४० जाती घटल्या होत्या. ३५ जाती निम्म्याहून खाली गेल्या होत्या. झाडं उभी होती, सीमा शाबूत होती, पाटी जागेवर होती. आत हळूहळू सकाळी विरळ होत होत्या. हे कळलं ते चव्वेचाळीस वर्षं एकच वही चालू ठेवली म्हणून. मध्येच कुणी कंटाळलं असतं, तर ते रान सगळ्यांच्या दृष्टीने अजूनही भरलेलंच असतं.

आमच्या शेजारच्या बुकित बातोकला आणि पुलाउ उबिन बेटावर एक मोठा बुलबुल राहतो, गवती रंगाच्या डोक्याचा. त्याचं गाणं खळाळत येतं, जोडीने येतं, ऐकणाऱ्याला मुळासकट हलवून जातं. त्या गाण्यापायीच तो पकडला गेला. थायलंडमधून गेला, जावातून गेला, सुमात्रातून जवळपास गेला, पिंजऱ्यांत गेला, बाजारांत गेला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. आता जगातल्या उरलेल्यांपैकी फार मोठा वाटा या लहानशा, गजबजलेल्या बेटावर आहे. ज्या गावाने आपली इतकी पाखरं गमावली, त्याच्याच ओंजळीत दैवाने हा शेवटचा ठेवा दिला. पिंजऱ्याचं दार आणि पायातलं कडं, दोन्ही माणसाच्याच हातची. एक हात पाखराला आपल्याजवळ ठेवतो. दुसरा त्याला सोडून देतो आणि आयुष्यभर त्याची चौकशी करत राहतो.

चोआ चू कांगच्या पश्चिमेला मोठी दफनभूमी आहे, आणि या देशात जमीन इतकी थोडी की तिथे गेलेल्यालाही पंधरा वर्षांचाच मुक्काम; मग माती पुढच्यासाठी मोकळी करायची. संध्याकाळी तिथल्या झाडांवर पाखरं उतरतात. तेंबुसूला बहर असला तर त्याचा गोड, किंचित जड वास थडग्यांवरून वाऱ्याबरोबर येतो. तिथून परतताना मी नेहमी आजोबांच्या त्या मोकळ्या चौकटींचा विचार करते. काळ आपल्याला कुणाला फार दिवस ठेवत नाही. पण कुणीतरी आपली चौकट लगेच मिटवू नये, एकदा वाडीवरून जाऊन विचारून यावं, इतकं तर प्रत्येक जिवाचं मागणं असतंच. पंधरा ग्रॅमच्या जिवाचंही.

रानाची खरी हजेरी घ्यायची तर दोनच गोष्टी लागतात. परत परत जाणारी माणसं, आणि परत जाण्यासाठी उरलेलं रान. पहिलं दुसऱ्यावाचून व्यर्थ आहे, आणि पहिल्यावाचून दुसरं कधी रिकामं झालं ते कुणाला कळतही नाही. म्हणून तुम्ही तेंगाहजवळ राहत असा की माझ्या सिंधुदुर्गातल्या तिलारीजवळ, तुमच्या वस्तीच्या कडेचा झाडीचा तुकडा तोडायला निघाला तर त्यात कोण राहतं ते आधी विचारा, आणि ते मोजलं गेलं आहे का तेही विचारा. आणि कधी वाटेत एखादा पक्षी सापडला, दमलेला, जखमी किंवा मेलेला, तर त्याचे पाय पाहा. कडं असेल तर त्यावरचा मजकूर आणि क्रमांक नीट उतरवून घ्या, फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा. भारतात मुंबईच्या बीएनएचएसला कळवा, सिंगापुरात नॅशनल पार्क्स बोर्डाला. मेलेल्याची बातमीही त्या वहीला हवी असते, कारण तिने एका ओळीतल्या शून्यांचा अर्थ कायमचा लागतो. कुणीतरी ती चौकट अजून मोकळी ठेवली आहे. कळवल्यावाचून राहू नका.